शेडमधली ठिणगी

"शंभरदा सांगितलंय ना तुला, निरीक्षण चालू असताना वेल्डिंग करायचं नाही!" असं ओरडतच डॉ. गद्रे म्हसूच्या शेडमध्ये घुसला.

शेजारच्या गावातली ठिणगीसुद्धा रेडिओ दुर्बिणीला ऐकू येते. आज गद्रेची दुर्बीण एका दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रावर, तिथल्या महाकाय कृष्णविवरावर रोखलेली होती. सरळ रेघेत चाललेला आलेख मघाशी एकदम उसळून वर गेला, आणि गद्रेच्या डोक्यात तिडीक गेली. मोठ्या खटपटीनं मिळालेली निरीक्षणाची वेळ या माणसानं वाया घालवली!

म्हसू उठून काहीतरी सांगू लागला. गद्रेनं त्याच्या थोबाडीत मारली. तो मागे ट्रॉलीच्या पत्र्यावर आदळला आणि त्याची भुवई फाटली. तरीही गद्रेचा राग शमेना. त्यानं कोपऱ्यातला हातोडा उचलून वेल्डिंग मशीनवर घातला, आणि मशीन पार चेपेपर्यंत घालत राहिला.

तेवढ्यात त्याची सहकारी रेवती धापा टाकत आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सर, सिग्नल खरा आहे! ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीलाही तेच दिसतंय. त्या कृष्णविवरानं अख्खा तारा फाडलाय, सर! आणि आपण तो..."

म्हसूचं तोंड बघून ती थबकली. गद्रेच्या हातातून हातोडा गळून पडला.

डोळ्यात उतरणारं रक्त म्हसूनं मनगटानं पुसलं.

"तेच सांगत होतो, सायेब. सकाळधरनं गावात लाईटच नाय."