सर्व्हरवरची ब्रँच

सकाळी ऑफिसात लॅपटॉप उघडताच तिचं डोकं फिरलं. तिची ब्रँच, म्हणजे लॅपटॉपवरची प्रोग्रामची तिची प्रत, सर्व्हरवरच्या ब्रँचच्या मागे पडल्याचा, तिथे नवे बदल आल्याचा निरोप पडद्यावर आला होता. या ब्रँचवर तिच्याशिवाय कुणीच काम करत नव्हतं, मग ती मागे पडेलच कशी?

तिनं सर्व्हरवरचे बदल उतरवून घेतले. रुग्णांच्या औषधांची आठवण करून देणारा ॲपचा जो भाग ती आज लिहिणार होती, तो तिथे लिहून तयार होता. बदलांवर नाव तिचंच होतं. एका शब्दाचं स्पेलिंग ती नेहमी चुकायची, तेसुद्धा तसंच चुकलेलं होतं.

"माझ्या नावावर हा कारभार कोण करतंय?" तिनं तावातावानं टीम लीडला विचारलं.

"अगं, तूच काल घरून पाठवलं असशील."

"काल मी सासूबाईंजवळ हॉस्पिटलात होते. लॅपटॉप इथे कपाटात होता. मला वेड्यात काढू नका, सर."

तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. त्याच्यादेखत तिनं पासवर्ड बदलला, सर्व्हरवरची ब्रँच काढून टाकली आणि आपली ब्रँच नव्यानं जोडून पाठवली.

"बघू आता कुणाची हिंमत होते," ती म्हणाली.

खात्रीसाठी तिनं पुन्हा तपासलं. तिची ब्रँच एका बदलानं मागे होती.

तो बदल आत्ताच, तिच्या नव्या पासवर्डानं आला होता. त्यासोबतची टीप लीडनं मोठ्यानं वाचली.

"कुणीतरी माझ्या नावानं माझं काम पुसतंय. खूप सहन केलं. आता तिलाच काढून टाकते."

 त्यानं आपली खुर्ची तिच्यापासून जराशी लांब सरकवली.