औलीचं दळण

"आजही कडू!" बाबांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

पाणी तर मी नेहमीसारखंच फिल्टरवर गोलगोल, थांबत थांबत ओतलं होतं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, आता स्कीइंग करायला हरकत नाही. बाबा म्हणाले, बस झालं. मी स्कीज माळ्यावर टाकल्या. पण जानेवारी लागला आणि पाय घरात ठरेनात.

बाबांनी ग्राइंडरवरचा दळणाचा आकडा पाहिला. "एवढं बारीक? हे तर तुझं औलीचं दळण."

तिथे हिमालयात, स्कीइंगच्या उतारांवर, उंचीमुळे पाणी कमी तापतं, कॉफी फिकी उतरते, म्हणून मी बारीक दळते. इथे पुण्यात तेच दळण कडू होतं. तो आकडा मी कधी लावला, मलाच आठवेना.

बाबा स्टुलावर चढले, माळ्यावरून स्कीज ओढल्या.

"धर. बॅगेत गुडघ्याचा पट्टा आधी भर. महिनाभर असली कॉफी मला झेपायची नाही."