पांढरी हळद

वाटीतली हळद तांदळाच्या पिठासारखी पांढरी होती. तरी सवाष्णींनी ती शाल्मलीच्या गालांना लावली. धूर गिळायला शहरावर फवारलेलं रसायन आता कार्बनचे दुहेरी बंध दिसतील तिथे तोडत सुटलं होतं. झेंडू आणि गाजरं केव्हाच पांढरी पडली होती.

"रंगावाचून लग्न थोडंच अडतंय, आई?" शाल्मली म्हणाली.

वृंदाताई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. हळदीला पिवळेपण देणारे तसलेच बंध डोळ्यांच्या पडद्यातही असतात आणि माणसाला दिसतं ते त्यांच्यामुळेच, हे त्यांना माहीत होतं. त्या लेकीचा चेहरा ओंजळीत धरून नुसत्या बघत राहिल्या.

"अंधारून आलंय का गं?" शाल्मलीने विचारलं.

अंगणात टळटळीत ऊन होतं.

"हो," वृंदाताई म्हणाल्या. "आभाळ आलंय."