निम्मा थर्मास

काकांचा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता, आणि प्रयोगशाळेतली तरुण संशोधक नेमकी तेव्हाच गोठ्यात शिरली.

पोटात म्हणजे खरोखर पोटात. गुणीच्या डाव्या कुशीला बरणीसारखं रबरी झाकण बसवलेलं होतं. ऐकणाऱ्याला खोटं वाटत असेल तर वाटो, गुणीला त्याचं काही नव्हतं. ती मजेत रवंथ करत होती. आतला हिरवा रस काढायचा, थर्मासात भरायचा आणि प्रयोगशाळेत पोचवायचा, हे काकांचं रोजचं काम.

त्या रसात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव राहतात. जगभरच्या गाई ढेकरा देतात आणि आभाळ तापतं, ते यांच्याच कृपेनं. त्यांच्यावर या संशोधक पोरीनं औषध काढलं होतं: पेप्टाइड. प्रथिनाचा इवलासा तुकडा, पण सूक्ष्मजीवाच्या अंगाची चाळण करणारा. गुणीला तो चाऱ्यातून मिळे, शेजारच्या थोरलीला नाही. वर्षभर दोघींचा मिथेन सारखाच निघाला. वरिष्ठ म्हणाले, गुंडाळा आता गाशा. आणि एका सकाळी गुणीच्या रसातला मिथेन धाडकन खाली आला! ती धावत गोठ्यात आली, गुणीच्या गळ्यात पडली, मग काकांच्या. काका लंगडत होते. "पायरीवरून घसरलो," म्हणाले. तिनं स्वतः त्यांच्या नडगीला पट्टी बांधली. त्या दिवसाचा आलेख तिनं चौकट करून टेबलामागं टांगला.

त्याला चार महिने झाले. मिथेननं डोकं वर काढलं नाही. उद्या मोठ्या सभेत तिचं भाषण होतं, आणि पहिल्याच चित्रात तिला काका आणि गुणी हवे होते. म्हणून ती आज फोटो काढायला आली होती.

काकांनी थर्मास निम्मा भरला आणि झाकण घट्ट लावलं.

"काका, काठोकाठ भरा ना! शिकवलं होतं ना मी? हवा लागली की हे जीव मरतात."

"लक्षात आहे की, मॅडम. विसरेन कसा?"

ते इतकं सरळ म्हणाले, की तिनं थोरलीचा थर्मास उघडून पाहिला. काठोकाठ.

तिनं यंत्रं तीन-तीनदा तपासली होती. मदतनिसांच्या वह्या तपासल्या होत्या, रात्री उठून स्वतःचे आकडेसुद्धा. साऱ्या इमारतीत एकाच माणसाचं काम तिनं कधी तपासलं नव्हतं.

"कधीपासून?"

"तुम्ही गळ्यात पडलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"कोणी सांगितलं हे करायला? वरिष्ठांनी?"

"मला कोण सांगतंय आणि कोण विचारतंय!" काका एकेक बोट पुसत राहिले. "त्या दिवशी तू हसलीस, पोरी. वर्षभर नुसती सुतकी चेहऱ्यानं यायचीस, जायचीस. म्हटलं, गाईच्या पोटातलं गाईपाशी. पोर हसतेय, तर हसू दे."

शत्रूनं केलं असतं तर बरं झालं असतं. शत्रूला निदान शिव्या तरी घालता येतात.

मग एकदम तिचे डोळे चमकले. तिनं काकांचा ओला हात घट्ट धरला.

"पण काका, पहिल्या दिवशी? तेव्हा तर मी हसलेच नव्हते अजून! तेव्हा तुम्हाला काय ठाऊक? तो दिवस तरी खरा ना?"

काकांनी तिच्याकडं पाहिलं नाही. खाली वाकून त्यांनी पॅंटचा पाय गुडघ्यापर्यंत वर सरकवला. नडगीवर खुराएवढा अर्धगोल व्रण होता.

"पायरी नव्हती ती," ते म्हणाले. "गुणीनं लाथ मारली. निम्मा थर्मास तिथंच सांडला."