जिन्याखालची खोली

धाकटी वाचायला उभी राहिली. शेवटच्या खुर्चीवर ताई बसली होती.

आठवणी कशा लिहायच्या ते शिकवणाऱ्या या वर्गात ताई आजवर कधी फिरकली नव्हती. आज मात्र वाचनालयाच्या दारापर्यंत सोबत आली, आणि "बघू तरी काय लिहितेस," म्हणत आतच शिरली. धाकटीला नको म्हणता आलं नाही. साठी उलटली तरी ताईपुढे तिची जीभ रेटत नसे.

उभा जन्म तिने लॅबमध्ये लोकांचं रक्त काढण्यात घालवला होता. हात कधी मागे घेतला नव्हता. आता कागद धरलेला हात तिने पाठीमागे नेला.

"दुसरं काहीतरी वाचू का?" तिने मास्तरांना हळूच विचारलं. "हे अजून कच्चं आहे."

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "ज्याने घशाला कोरड पडतेय ना, तेच वाचा. आवाज कापला तर कापू दे. शुद्धलेखनाचं मी बघतो, हिमतीचं तेवढं तुम्ही बघा."

दोघंतिघं हसले. ताई हसली नाही.

धाकटीने कागद दोन्ही हातांनी धरला.

"आई कामावर गेली की ताई मला जिन्याखालच्या खोलीत कोंडायची. रडले तर आणखी उशिरा सोडायची. आत मिट्ट काळोख. दाराखालच्या फटीतून काय तो उजेड यायचा. मी फरशीवर गाल टेकून त्या फटीला डोळा लावायचे. ताईची पावलं दिसली की श्वास रोखून धरायचे."

मागे खुर्ची सरकली.

धाकटीने मान वर केली नाही. पावलं खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि तिच्या शेजारी थांबली. मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले.

ताईने कागदावरच्या 'फट' या शब्दावर बोट ठेवलं.

"आई मला कोंडायची तेव्हा त्या दाराला फट नव्हती," ती म्हणाली. इतका बारीक आवाज धाकटीने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तू पाळण्यात होतीस. तुला नाही आठवणार."

तिने नखाने कागदाची कड खरवडली.

"फट मी पाडली. चमच्याने."