भूपालचं मिलिंग मशीन

"हँडल लई जड लागतंय की," तातोबा मिस्त्री मालकांना ऐकू जाईल असं बोलले. कारखान्यात बनणाऱ्या पहिल्या मिलिंग मशीनची, म्हणजे लोखंड तासायच्या यंत्राची, आखणी मालकांनी त्यांना डावलून तरुण भूपालकडे दिली, तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखत होतं. रोज खोड काढून ते भूपालचं तोंड उतरायची वाट बघायचे.

भूपाल मात्र ऐकून कामाला लागायचा. मशीन थरथरतंय म्हटलं, त्याने खांब जाड केला. टेबल अडतंय म्हटलं, त्याने ते घासून गुळगुळीत केलं.

शेवटच्या चाचणीत लोखंड आरशासारखं निघालं. मालक खूश झाले.

"मिस्त्रीमामांनी चुका दाखवल्या, म्हणून हे उभं राहिलं," भूपाल म्हणाला. "मामा, उद्यापासून अशीच मशीनं ओतायची. अजून काय राहिलंय काय?"

तातोबांच्या अंगाचा तिळपापड झाला. जळता जळता आपणच त्याचं मशीन घडवलं होतं. आत्ताही त्यांना दिसत होतं, टेबलाखालच्या स्क्रूपर्यंत तेल पोचायला वाट नव्हती. वर्षभरात तो झिजणार होता.

"काय नाही," ते म्हणाले. "झ्याक झालंय."

त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच कौतुक ऐकून भूपाल त्यांच्या पाया पडला.