दोन एक्स-रे

“हो, मला माहीत होतं,” सासूबाई म्हणाल्या. “लिहून घ्या.”

आरोग्य निरीक्षकाचं पेन हातातच राहिलं. या पाळणाघरातल्या चार पोरांना क्षय कुणाकडून झाला, हे शोधायला त्याने आठवडाभर उंबरे झिजवले होते. इथे पहिल्याच प्रश्नाला कबुली. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण त्याला कुतूहल वाटलं.

“माहीत असून मुलांना मांडीवर घेतलंत? हा गुन्हा आहे, आजी. तुरुंग होईल. पालक भरपाईचा दावा लावतील तो वेगळाच.”

“लावू देत. आधी तो मोबाईल जरा लांब धरा. छातीत मशीन बसवलंय, डॉक्टर ओरडतात.”

त्याने मोबाईल निमूट पिशवीत टाकला. “खोकला दिसत नाही तुम्हाला?”

“औषधाने बसला. तुमच्यासाठी खोकून दाखवू का?”

त्याला हसू आलं. म्हातारी खमकी होती. दारात तोंडाला ओढणी लावून सून उभी होती. सासूबाई तिला सारख्या आत पिटाळत होत्या.

“हिला यातलं काही ठाऊक नव्हतं. घर हिच्याच जिवावर चालतं. मी गेले की पाळणाघर उघडू द्याल ना?”

“तिचा एक्स-रे साफ असेल तर आजच.”

दोघींचे एक्स-रे काल तपासणीच्या गाडीत काढले होते. तिथे नाव पुकारलं की आत जायचं आणि तेच नाव फिल्मवर चिकटवायचं, एवढाच कारभार. सासूबाईंच्या नावाची फिल्म त्याने सकाळी पाहिली होती. उजवीकडे वर ठसठशीत डाग होता. सुनेची अजून पाकिटातच होती. कबुली हातात आल्यावर कसली घाई, म्हणून त्याने परवानगीवर आधी सही ठोकली.

सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांची पिशवी भरून तयारच होती.

फाटक उघडलं. कामाला उशीर झालेल्या एका आईने आपलं तान्हं पुढे केलं. सून क्षणभर मागे सरली, मग तिने त्याला छातीशी घेतलं.

जिन्यात निरीक्षकाने नोंदीपुरती सुनेच्या नावाची फिल्म उजेडाकडे धरली. फुप्फुसं स्वच्छ होती. डाव्या खांद्याखाली मात्र एक छोटी डबी होती आणि तिच्यातून निघालेली तार थेट हृदयापर्यंत गेली होती.